जुन्या गाडीच्या इंजिनाचा आवाज: गॅरेज गाठण्याआधी घरच्या घरी करायची तपासणी

जुनी मारुती 800 घेतली की पहिल्या काही आठवड्यांतच बोनेटखालचा एखादा आवाज कानाला खटकायला लागतो. शेजारी म्हणतात टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारी वरची यंत्रणा), मेहुणा म्हणतो बेअरिंग (फिरत्या दांड्याला आधार देणारा भाग), आणि गॅरेजवाला गाडीभोवती एक चक्कर मारून सांगतो, "इंजिनचं काम काढावं लागेल." टकटक ऐकायला बहुतेक वेळा सारखीच असते. नुसत्या आवाजाच्या वर्णनावरून निदान करायला गेलं तर दहा जणांची दहा मतं पडतात. आवाज केव्हा सुरू होतो, कशाने वाढतो आणि काय केलं की थांबतो, या तीन गोष्टी कळल्या की मात्र शक्यता भराभर गळून पडतात. त्या कळायला फार हत्यारं लागत नाहीत. शांत जागा, थोडा वेळ आणि ठरावीक क्रम, एवढं पुरतं.

उदाहरणासाठी मी मारुती 800 धरतो. डिसेंबर 1983 मध्ये पहिली गाडी मालकाच्या हातात पडली आणि जानेवारी 2014 मध्ये उत्पादन थांबलं, म्हणजे आज रस्त्यावर दिसणारी प्रत्येक 800 दहा वर्षांहून जुनीच आहे. 796 सीसीचं तीन सिलिंडरचं छोटं इंजिन, आजूबाजूला हात घालायला जागा. शिकायला याहून सोयीची गाडी क्वचितच मिळेल. तुमची गाडी झेन, ओम्नी किंवा सॅन्ट्रो असली तरी क्रम हाच ठेवा.

आधी हे वाचा: इंजिन लगेच बंद करायची वेळ

चालत्या गाडीत खोल, जड ठकठक सुरू झाली आणि ऑइलचा लाल दिवा लागला किंवा नुसता लुकलुकला, तरी पुढच्या पेट्रोल पंपापर्यंत जाऊ असा विचार करू नका. गाडी कडेला घ्या, इंजिन बंद करा आणि टो करून न्या. क्रँक (पिस्टनमुळे फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा) आणि बेअरिंग यांच्यामध्ये ऑइलचा पातळ थर असतो आणि त्या दाबाखालच्या थरामुळेच दोन धातू एकमेकांना घासत नाहीत. तो थर गेला की काही मिनिटांत बेअरिंग क्रँकला धरतं. जे काम बेअरिंग शेल (बेअरिंगच्या बदलता येणाऱ्या अर्धगोल पट्ट्या) बदलून भागलं असतं ते मग क्रँक, कनेक्टिंग रॉड (पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा) आणि कधीकधी ब्लॉकपर्यंत (इंजिनाच्या मुख्य सांगाड्यापर्यंत) पोहोचतं. तापमानाचा काटा लाल पट्ट्याकडे सरकत असेल तरी हेच करायचं. गरम रेडिएटरचं झाकण लगेच उघडायचं नाही, हे वेगळं सांगायला नको.

या दिव्याबद्दल नव्या मालकांचा एक गैरसमज असतो. दिवा विझलेला आहे म्हणजे ऑइलचा दाब ठणठणीत आहे, असं नाही. दिव्याचा स्विच फार कमी दाबाला दिवा लावतो. दाब बराच खाली आला तरी दिवा विझलेलाच राहू शकतो. म्हणून बोनेटखालची जड ठकठक ऐकू आली की दिव्याच्या भरवशावर गाडी पळवू नका.

पायरी 1: बोनेट उघडण्याआधी वही काढा

दोन-तीन दिवस गाडी नेहमीसारखी चालवा, पण लिहून ठेवा. आवाज सकाळच्या पहिल्या स्टार्टला येतो की गाडी गरम झाल्यावर? स्लोवर (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू असताना) येतो की ॲक्सिलरेटर दाबल्यावर? की दाबलेला पाय उचलताना? क्लच दाबला की बदलतो का? एसी लावला की? स्टिअरिंग पूर्ण वळवलं की? पाऊस पडून गेल्यावर, ऑइल बदलल्यावर, वेगळ्या पंपावर पेट्रोल भरल्यावर सुरू झाला का?

शेवटच्या प्रश्नाला लोक महत्त्व देत नाहीत, पण सर्व्हिसिंगहून गाडी आल्यानंतर लगेच सुरू झालेला आवाज बऱ्याचदा त्या सर्व्हिसिंगमध्येच सापडतो. सैल राहिलेला स्पार्क प्लग, नीट न बसवलेला एअर फिल्टरचा डबा, राहून गेलेला एखादा बोल्ट. इंजिनाच्या पोटात शिरण्याआधी ज्या ज्या ठिकाणी हात लागला होता ती जागा तपासा.

मोबाइलवर रेकॉर्डिंग करून ठेवायला हरकत नाही, पण ते दुसऱ्याला पाठवून निदान मागू नका. फोनचा माइक खालचा जड आवाज नीट पकडत नाही आणि वरची टिकटिक मात्र मोठी करून दाखवतो. त्यामुळे साधं टॅपेट भयंकर वाटतं आणि खराब बेअरिंग सौम्य. स्वतःसाठी मात्र दर आठवड्याला फोन त्याच जागी ठेवून रेकॉर्ड करा. आवाज वाढतोय की तसाच आहे हे त्यातून कळतं.

पायरी 2: ऑइल बघा

हे इतकं साधं आहे की लोक ते सोडून थेट टॅपेटवर जातात. गाडी सपाट जागी लावा, इंजिन बंद करून पाच मिनिटं थांबा, डिपस्टिक काढा, फडक्याने पुसा, पुन्हा पूर्ण घाला आणि मग बघा. 800 मध्ये ऑइल जेमतेम तीन लिटरच्या आसपास बसतं. त्यातलं एक लिटर जळालं किंवा गळालं तर एक तृतीयांश गेलं, आणि वळणावर किंवा चढावर पंपाला ऑइलऐवजी हवा मिळू शकते. पातळी कमी असेल तर मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडचं ऑइल भरून घ्या आणि आवाज पुन्हा ऐका. आवाज गेला तर तो का आला होता हे कळलं. आता ऑइल कुठे जातंय ते शोधायचं.

डिपस्टिकवरचं ऑइल दुधट, कॉफीसारखं दिसलं तर त्यात पाणी मिसळतंय. हेड गॅस्केट (इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे हेड, आणि ब्लॉक यांच्यामधलं सील) तपासून घेईपर्यंत गाडी चालवू नका. पेट्रोलचा वास येत असेल तर ऑइल पातळ झालंय. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत फ्यूएल पंपाचा डायाफ्राम फाटला की पेट्रोल थेट ऑइलमध्ये उतरतं आणि पातळी उलट वाढलेली दिसते. पातळी वाढली म्हणून खूश होण्यासारखं त्यात काही नाही.

गाडी अजून विकत घ्यायची असेल तर एक काळजी घ्या. गेलेल्या बेअरिंगची ठकठक दाबायला जाड ऑइल भरून गाडी दाखवणं हा जुना प्रकार आहे. त्यामुळे "मी सकाळी येईन, तोपर्यंत गाडी चालू करू नका" असं विकणाऱ्याला सांगा आणि पोहोचल्यावर बोनेटवर हात ठेवून बघा. बोनेट कोमट लागलं तर गाडी आधीच गरम करून ठेवली आहे.

पायरी 3: थंड इंजिनाचा पहिला मिनिट

रात्रभर उभी गाडी, बोनेट उघडं, हँडब्रेक ओढलेला, गिअर न्यूट्रलमध्ये. कुणाला तरी चावी फिरवायला सांगा आणि तुम्ही बोनेटपाशी उभे राहा. ओढणी, पदर, लांब केस, गळ्यातली चेन, हातातलं घड्याळ बेल्टपासून दूर. रेडिएटरचा पंखा विजेवर चालतो आणि वाटेल तेव्हा आपोआप सुरू होतो, त्यामुळे त्याच्या पात्यांजवळ हात न्यायचाच नाही. बंद गॅरेजमध्ये किंवा बेसमेंटमध्ये ही तपासणी करू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

स्टार्ट होताच दोन-तीन सेकंद खडखड होऊन थांबली, तर ऑइल वर पोहोचायला लागलेला तो वेळ आहे. ऑइल फिल्टरमध्ये उलटं जाणारं ऑइल अडवणारा पडदा असतो, हलक्या फिल्टरमध्ये तो नीट काम करत नाही. पुढच्या वेळी चांगला फिल्टर लावा आणि फरक पडतो का बघा.

पहिल्या काही मिनिटांत पोकळ टकटक आणि इंजिन गरम झालं की बंद, हा बहुतेक वेळा पिस्टनचा आवाज. बोअर (पिस्टन ज्यात वरखाली होतो ती नळी) थोडा झिजला की थंड पिस्टन त्यात हलतो. गरम होऊन फुगला की जागा भरून निघते. गाडी ऑइल पीत नसेल आणि निळा धूर नसेल तर अशी गाडी वर्षानुवर्षं चालते. यासाठी इंजिन उघडायला मी कुणाला सांगणार नाही.

थंडपणी टिकटिक आणि गरम झाल्यावर कमी, याचा आणखी एक धनी आहे: एक्झॉस्ट मॅनिफोल्डची (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या पहिल्या लोखंडी पाइपांच्या जोडाची) गळती. गॅस्केट जळलं किंवा नट सैल झाला की प्रत्येक झटक्याला थोडा धूर तिथून फटफटतो आणि तो हुबेहूब टॅपेटसारखा वाजतो. लोखंड तापून पसरलं की फट मिटते. मॅनिफोल्ड थंड असताना जोडावर टॉर्च मारून काजळीचे काळे ओरखडे शोधा. टॅपेट सेट करूनही आवाज जात नाही अशी तक्रार घेऊन फिरणाऱ्या गाड्यांमध्ये ही गळती बरेचदा सापडते.

पायरी 4: आवाज इंजिनाचा आहे का?

उभ्या गाडीत न्यूट्रलवर हळूहळू रेस द्या. रेसबरोबर आवाजाची लय वाढते का? वाढत असेल तर आवाज इंजिनाचा किंवा इंजिनाला जोडलेल्या फिरत्या भागाचा. उभ्या गाडीत काहीच येत नसेल आणि गाडी पळतानाच येत असेल, तर इंजिनाला सोडून द्या आणि चाकांकडे वळा. वेगाबरोबर वाढणारी घों घों व्हील बेअरिंगची, वळणावरची कटकट ॲक्सलच्या जॉइंटची.

आता क्लच. क्लच दाबल्यावर घरघर सुरू होत असेल तर रिलीज बेअरिंग. उलट, क्लच सोडलेला असताना घरघर आणि दाबला की गप्प, तर गिअरबॉक्सच्या आतलं बेअरिंग. ही तपासणी अर्ध्या मिनिटात होते आणि हिच्यामुळे इंजिनाचा विनाकारण होणारा खर्च वाचू शकतो.

एका ठरावीक आरपीएमलाच (इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांना) पत्रा थरथरल्यासारखी झणझण येत असेल तर सायलेन्सरवरचं उष्णता अडवणारं पत्र्याचं आवरण बघा. कोकणातल्या आणि गोव्यातल्या गाड्यांत गंजून त्याचा बोल्ट सुटलेला असतो. तिथे पाइपची मोठी क्लॅम्प आवळली की काम झालं. गिअरमधून गाडी उचलताना एकदाच ठक्क होत असेल तर इंजिन माउंटिंगचं रबर तुटलेलं असू शकतं.

पायरी 5: बेल्ट उतरवून बघा

800 मध्ये एक फॅन बेल्ट अल्टरनेटर आणि वॉटर पंप दोन्ही फिरवतो. एसी असेल तर त्याच्या कॉम्प्रेसरचा बेल्ट वेगळा. सुरुवातीला दिवे, एसी चालू करून बघा. लोड पडला की चीं चीं वाढली तर बेल्ट घसरतोय. चालू बेल्टच्या आतल्या बाजूवर लांबून थोडं पाणी उडवा. आवाज क्षणभर बंद होऊन परत आला तर बेल्ट कडक, चकचकीत झालाय किंवा पुली एका रेषेत नाहीत. पाण्याने आवाज उलट वाढला तर बेल्ट सैल आहे. इंजिन बंद करून दोन पुलींच्या मधोमध अंगठ्याने दाबा. साधारण अर्धा ते एक सेंटीमीटर दबायला हवा.

आवाज चीं चीं नसून घरघर किंवा गुरगुर असेल तर चावी काढून बेल्ट उतरवा. अल्टरनेटरची आणि वॉटर पंपाची पुली हाताने फिरवा, पुढेमागे हलवून बघा. खरखरीत लागली किंवा हलली तर तेच. वॉटर पंपाच्या खाली एक बारीक भोक असतं, तिथे कूलंटचा हिरवा किंवा गंजका ओघळ दिसला तर पंपाचं सील गेलंय आणि बेअरिंगही त्याच वाटेवर आहे. यानंतर बेल्टशिवाय इंजिन चालू करून अर्धा मिनिट ऐका, त्याहून जास्त नाही, कारण पाणी फिरत नसतं. आवाज पूर्ण गेला तर तुमचं इंजिन निर्दोष आहे आणि दुरुस्ती बाहेरच्या बाहेर भागणार आहे.

टायमिंग बेल्ट वेगळा, आवरणाच्या आत. त्याच्या टेन्शनरचं बेअरिंग गेलं तर तिथून कुईं आवाज येतो, पण बेल्ट स्वतः तुटण्याआधी बहुतेक वेळा काहीच बोलत नाही. तो आवाजावरून नाही, किलोमीटर बघून बदलायचा. जुन्या मालकाकडे बदलल्याची पावती नसेल तर बदललेला नाही असंच धरा.

पायरी 6: लांब पेचकस आणि रबरी नळी

मेकॅनिकचा स्टेथोस्कोप बाजारात मिळतो, पण लांब पेचकसाची मूठ कानामागच्या हाडाला टेकवूनही काम होतं. टोक इंजिनाच्या स्थिर भागावर ठेवा: व्हॉल्व्ह कव्हर, ब्लॉकची बाजू, खालची ऑइल पॅन, अल्टरनेटरची बॉडी. धातूतून आवाज सगळीकडे पोहोचतो, त्यामुळे "इथे ऐकू आला" याला फारसा अर्थ नाही. दोन जागांची तुलना करा आणि जिथे सर्वांत स्पष्ट तिकडे सरका.

फुसफुस, शिट्टी, सुस्कारा अशा हवेच्या आवाजांना पेचकसाचा उपयोग नाही. त्यासाठी तीन-चार फूट रबरी नळीचं एक टोक कानाजवळ धरा आणि दुसरं इनटेक मॅनिफोल्ड (इंजिनात हवा नेणारे पाइप), व्हॅक्यूमच्या नळ्या, प्लगच्या तळाशी फिरवा. सैल प्लगमधून येणारी फसफस यात लगेच सापडते. 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल सगळीकडे मिळू लागल्यापासून जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्यांकडे जास्त लक्ष द्यायला हवं. जुन्या रबराला इथेनॉल सोसवत नाही. कार्बोरेटरच्या गाडीत मिश्रणही पातळ होतं आणि पिकअप देताना कार्बोरेटरमधून ठो असा उलटा बार येऊ शकतो. फ्यूएलची नळी चिरलेली किंवा मऊ पडलेली दिसली तर आवाजाचा शोध थांबवून आधी ती बदला.

पायरी 7: वरची टिकटिक

चार स्ट्रोकच्या इंजिनात कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा वरचा दांडा) क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. स्लो 900 आरपीएम असेल तर क्रँक सेकंदाला 15 फेऱ्या घेतो आणि कॅम साडेसात. म्हणून एका टॅपेटची टिकटिक सेकंदाला सात-आठ वेळा येते, आणि क्रँकच्या वेगाने येणारी ठकठक त्याच्या दुप्पट. कान एवढं मोजू शकत नाही, पण जुन्या डिस्ट्रिब्युटरच्या (प्लगना आळीपाळीने ठिणगी वाटणाऱ्या भागाच्या) गाडीत टायमिंग लाइट, म्हणजे प्लगच्या ठिणगीबरोबर चमकणारा दिवा, मोजतो. लाइटची क्लिप एक नंबरच्या प्लगच्या वायरला लावा. तो प्लग क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदा पेटतो, म्हणजे लाइट कॅमच्या वेगाने चमकते. चमक आणि टिक बरोबरीने पडत असतील तर आवाज वरचा, टॅपेटचा. एका चमकेला दोन ठोके पडत असतील तर आवाज खालचा. टायमिंग लाइट जवळच्या गॅरेजमधून तासाभरासाठी मागून आणली तरी चालेल.

वरचा आवाज निघाला तर मॅन्युअलमध्ये दिल्याप्रमाणे फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) टॅपेट सेट करून घ्या. मारुतीचं टॅपेट स्क्रू आणि लॉकनटचं आहे, सरावाच्या मेकॅनिकला तासाभराचं काम. फक्त तो गाडी गरम असताना करतोय की थंड, आणि माप त्यानुसारच घेतोय का, हे विचारा. दोन्हींची मापं वेगळी असतात. गेज न वापरता अंदाजाने फिरवणारा असेल तर काम दुसरीकडे द्या.

आणि आवाज पूर्ण बंद कर असा आग्रह धरू नका. नव्या मालकांना हे पटत नाही, म्हणून नीट सांगतो. व्हॉल्व्ह बंद होऊन सीटवर (हेडमधल्या त्याच्या बैठकीवर) टेकतो तेव्हाच त्याची उष्णता सीटमधून हेडमध्ये जाते. टॅपेट जास्त आवळलं तर व्हॉल्व्ह पूर्ण टेकत नाही, तापत राहतो आणि शेवटी त्याची कड जळते. थोडी टिकटिक करणारं टॅपेट इंजिनाला त्रास देत नाही. आवळलेलं टॅपेट गुपचूप व्हॉल्व्ह खातं.

सीएनजीवर चालणाऱ्या जुन्या गाड्यांत हे आणखी महत्त्वाचं आहे. गॅस कोरडा असतो, त्यात पेट्रोलसारखा ओलावा नसतो, त्यामुळे व्हॉल्व्हची सीट जास्त झिजते. सीट झिजली की व्हॉल्व्ह हेडमध्ये वर सरकतो आणि टॅपेटची फट कमी कमी होत जाते. म्हणजे अशी गाडी दिवसेंदिवस गप्प होत जाते आणि मालकाला वाटतं इंजिन सुधारलं! मग सकाळी स्टार्टिंगचा त्रास, एका सिलिंडरचं मिसिंग, आणि हेड उघडल्यावर जळलेला एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. सीएनजीची जुनी गाडी असेल तर आवाज नसतानाही टॅपेटची फट वेळच्या वेळी मोजून घ्या. मला वाटतं या पूर्ण लेखातली सर्वांत जास्त पैसे वाचवणारी गोष्ट हीच आहे.

इंजेक्शनच्या गाडीत इंजेक्टरही बारीक टिकटिकतात. पेचकसाचं टोक एकेका इंजेक्टरवर ठेवा. सगळ्यांची टिकटिक सारखी असेल तर ती त्यांची रोजची चाल आहे. एखादा गप्प असेल तर तो सिलिंडर मारत नाही.

पायरी 8: खालची ठकठक

इथवर काहीच सापडलं नसेल आणि आवाज ऑइल पॅनच्या बाजूला जड ऐकू येत असेल, तर एकेक सिलिंडर बंद करून बघायचं. चालू इंजिनात प्लगची वायर ओढू नका. झटका जोरात बसतो. इंजिन बंद करा, एका प्लगची वायर काढून तिला एक जादा प्लग लावा, त्या प्लगची धातूची बाजू इंजिनाला घट्ट टेकवून ठेवा, पेट्रोलच्या नळीपासून लांब. मग स्टार्ट करून जास्तीत जास्त अर्धा मिनिट ऐका. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमध्ये जात असतं. इंजेक्शन आणि कॅटलिटिक कन्व्हर्टरच्या (सायलेन्सरच्या वाटेवर धूर स्वच्छ करणाऱ्या डब्याच्या) गाडीत वायर न काढता त्या सिलिंडरच्या इंजेक्टरचं कनेक्शन काढा, नाहीतर कन्व्हर्टर तापून खराब होतो. तीन सिलिंडरमधला एक बंद केल्यावर इंजिन चांगलंच थरथरणार. त्या थरथरीकडे लक्ष न देता ठकठक कमी झाली का एवढंच ऐका.

एखादा सिलिंडर बंद केल्यावर ठकठक स्पष्ट कमी झाली तर त्या सिलिंडरच्या कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग, क्वचित पिस्टनची पिन. रॉडचं बेअरिंग ओळखायची आणखी एक खूण आहे. न्यूट्रलमध्ये मध्यम रेस देऊन पाय एकदम उचला. आरपीएम उतरत असताना ठक-ठक-ठक अशी माळ ऐकू येते. मेन बेअरिंगचा (क्रँकला ब्लॉकमध्ये धरणाऱ्या बेअरिंगचा) आवाज याहून खोल, आणि तो गाडी भरलेली असताना, चढावर जोर लावताना येतो. एकेक सिलिंडर बंद करून त्यात फारसा फरक पडत नाही.

खात्री करण्यासाठी दोन गोष्टी मागा. एक, ऑइल काढून स्वच्छ थाळीत ओतायला लावा आणि उन्हात तिरकी धरून बघा. चकाकणारे बारीक कण दिसले तर त्यात लोहचुंबक फिरवा. चुंबकाला न चिकटणारे, रुपेरी किंवा तांबूस कण बेअरिंगचे असतात. दोन, ऑइल प्रेशरचा स्विच काढून तिथे काट्याचा गेज लावायला सांगा आणि इंजिन पूर्ण गरम झाल्यावर स्लोवरचा आणि रेसवरचा दाब मॅन्युअलशी ताडून बघा. दाब व्यवस्थित आणि ऑइल स्वच्छ असेल तर "इंजिनचं काम" या शब्दांना तूर्त थांबवा.

घाटातली खळखळ

खंबाटकी किंवा कशेडी चढताना वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला की खडे हलवल्यासारखी बारीक खळखळ येते आणि खालचा गिअर टाकला की जाते. हा आवाज कुठल्याही भागाचा नाही. सिलिंडरमधलं पेट्रोल वेळेआधी किंवा एकदम स्फोट होऊन जळतंय. आधी स्वतःची सवय बघा: गिअर वेळेवर उतरवा. मग डिस्ट्रिब्युटरचं टायमिंग पुढे गेलंय का, इंजिन जास्त तापतंय का, मिश्रण पातळ आहे का, प्लग बरोबर नंबरचा आहे का, हे तपासा. वर्षानुवर्षं शहरात सावकाश चाललेल्या गाडीत कार्बन साचूनही असं होतं. खळखळ बराच काळ तशीच चालू दिली तर पिस्टनला इजा होते, तेव्हा घाटात ऐकू आली की पाय थोडा उचलायचा आणि गिअर बदलायचा.

डिझेल गाडी असेल तर

डिझेल इंजिन मुळातच खडखडतं. थंडपणी जास्त. सुमो किंवा जुनी महिंद्रा जीप पहिल्यांदा घेणाऱ्यांनी तशीच दुसरी गाडी शेजारी उभी करून ऐकावी. एकाच सिलिंडरची ठकठक वेगळी उठून दिसत असेल आणि सोबत काळा किंवा पांढरा धूर असेल तर आधी इंजेक्टर नोझल तपासून घ्या. बिघडलेल्या नोझलचा ठोका बेअरिंगसारखाच वाटतो. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाडीत मेकॅनिक एकेका इंजेक्टरचा पाइपचा नट किंचित सैल करून सिलिंडर बंद करतात. कॉमन रेलच्या (नव्या, कॉम्प्युटरवर चालणाऱ्या इंजेक्शनच्या) गाडीत असं अजिबात करू नका, करूही देऊ नका. त्या पाइपात 1000 बारच्या वर दाब जाऊ शकतो आणि डिझेलची धार कातडी फोडून आत शिरते.

गॅरेजमध्ये काय सांगायचं

"टॅपेट वाजतंय" असं म्हणत जाऊ नका, नाहीतर टॅपेटच सेट होऊन गाडी परत येईल. वहीतलं वाचून दाखवा: "सकाळी नसतो, गरम झाल्यावर स्लोवर येतो, क्लचने फरक पडत नाही, बेल्ट काढला तरी राहतो, दोन नंबर बंद केला की कमी होतो." चांगला मिस्त्री एवढ्यावर अर्धं निदान करतो आणि तुमच्याशी जरा जपून बोलतो. शक्य असेल तर त्याला शेजारी बसवून, जिथे आवाज येतो त्याच रस्त्याने एक चक्कर मारा.

बेअरिंगचं काम काढायचंच ठरलं तर एक अट आधी घाला: ऑइल पॅन उतरवून रॉडच्या कॅप खोलल्या की, क्रँक ग्राइंडिंगला पाठवण्याआधी, तुम्हाला बोलवायचं. जुने शेल हातात घेऊन बघा. चांगल्या शेलवर सारखा, मंद करडा थर असतो. घासलेल्यावर उभे ओरखडे आणि थर जाऊन खालचा तांब्याचा रंग दिसतो. तिन्ही सिलिंडरचे शेल करडे आणि गुळगुळीत निघाले तर आवाज तिथला नव्हताच. अशा वेळी क्रँक लेथवर न पाठवता कॅप परत बसवायला सांगा आणि मेन बेअरिंग, फ्लायव्हीलचे बोल्ट व क्रँक पुलीचा मधला बोल्ट तपासून घ्या. सैल फ्लायव्हील आणि सैल पुली दोन्ही हुबेहूब बेअरिंगसारखी ठोकतात.